शनीची कडी आणि आप्पांचा आरसा

“...मग भिंतीवर लावायचं तरी कुणाला, आप्पा?”

प्रश्न नेमका याच शब्दांत विचारला होता का, याची त्र्यंबक उकिडव्यांना आता खात्री नाही. वय झालं. आठवणीवर किती भिस्त ठेवायची? पण आवाज चढला होता, एवढं नक्की.

आप्पा कोष्टी त्यांचे गुरू. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून जतच्या माळावर पत्र्याच्या खोलीत येऊन राहिलेले. त्या दुपारी ते दुर्बिणीचा आरसा घासत होते. पिंपावर एक काच पक्की बसवलेली, तिच्यावर दुसरी, जिचा आरसा व्हायचा ती. मधे काच झिजवणारी कुरुंदाची पूड आणि पाणी. वरची काच पुढं-मागं सरकवत ते पिंपाभोवती फिरत होते.

“कुणाला लावलं होतंस?” आप्पांनी विचारलं.

“ज्यांनी हे जग घडवलं त्यांना. शास्त्रज्ञ, राष्ट्रपुरुष... आमच्या कॉलेजच्या दालनात ओळीनं तसबिरी. मग त्यांची चरित्रं वाचली. ज्यानं गुरुत्वाकर्षणाचा नियम दिला, तो प्रतिस्पर्ध्यांवर डूख धरून बसला. ज्यानं सगळी माणसं समान म्हणून लिहिलं, त्याच्या शेतावर गुलाम राबत होते. सगळ्या तसबिरी उतरवल्या मी.”

“सगळ्या?”

“एकूण एक. आता शिकवणंही सोडतोय. पोरांना इतकी वर्षं खोटे देव दाखवले.”

“चहा घेणार?”

“आप्पा, मी नोकरी सोडतोय!”

“ऐकलं की. बिनसाखरेचा आहे, म्हणून विचारलं.”

...

चहा झाल्यावर आप्पा म्हणाले, “माझे खांदे भरून आलेत. जरा फिरव.”

त्र्यंबक उठले. जाड पुडीपासून सुरू झालेलं काम शेवटच्या, पिठासारख्या बारीक पुडीवर आलं होतं. अशा वेळी हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय आप्पा कुणाला काचेजवळ फिरकू देत नसत. त्या दिवशी त्यांनी हात धुवायला सांगितलं नाही. विसरले असतील? त्र्यंबकांना आजही ठरवता येत नाही.

दोन फेऱ्या झाल्या, आणि...

चर्रर्र.

जाड पुडीचा एखादा कण असावा. त्र्यंबकांच्या बाहीवरून पडलेला.

आप्पांनी काच उचलली, धुतली, उजेडात धरली. बोटभर लांब ओरखडा.

त्र्यंबकांचा चेहरा पडला. महिनोन्‌महिन्यांची मेहनत!

“चल बाहेर,” आप्पा म्हणाले.

अंगणात जुनी दुर्बीण उभी होती. आप्पांच्या गुरूंनी स्वतःच्या हातानं घडवलेली. विद्यार्थिदशेत त्र्यंबकांनी हिच्यातूनच पहिल्यांदा शनी पाहिला होता, आणि त्याच संध्याकाळी शिकवायचं ठरवलं होतं.

दिवस मावळून अंधार पडेपर्यंत दोघं तिथंच थांबले. आप्पांनी दुर्बीण रोखली.

“बघ.”

त्र्यंबक वाकले.

तोच होता. काळ्याभोर पाण्यावर तरंगणारा इवलासा मोती, आणि त्याच्याभोवती ते अधांतरी कडं... श्वास घेतला तर विरघळून जाईल, असं वाटावं. पन्नाशीला आलेल्या त्या माणसाचे डोळे भरून आले.

“कडी आहेत?”

“आहेत, आप्पा.”

“मघाशी काय म्हणत होतास?”

त्र्यंबकांना आठवेना.

...

आत येऊन आप्पांनी कंदील लावला. फळीवरून जाड पुडीचा डबा काढला आणि ओरखडा पडलेली काच पुन्हा पिंपावर चढवली. घासणं अगदी पहिल्यापासून.

“असू द्या ना,” त्र्यंबक म्हणाले. “एवढ्याशा ओरखड्यानं प्रकाश कमी होत नाही. तुम्हीच शिकवलंत. यातूनही शनी तसाच दिसेल.”

“दिसेल की.”

“मग पुन्हा का घासताय?”

आप्पांनी पुडीवर पाणी शिंपडलं.

“हा आरसा माझा आहे.”

...

त्र्यंबक परत गेले. तसबिरी पुन्हा लागल्या. निवृत्तीपर्यंत ते शिकवत राहिले.

आप्पा गेल्यावर काही वर्षांनी ती जुनी दुर्बीण कॉलेजकडे आली. आरशावर नवा मुलामा चढवायचा होता. आपल्या गुरूंचा हा आरसा आप्पा दर वर्षी स्वतः धूत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्र्यंबकांनी स्क्रू काढले आणि आरसा उजेडात धरला.

कडेपासून पार मध्यापर्यंत ओरखडा होता. जुना. आप्पांनी तो कधीच घासला नव्हता.