कवडदऱ्याचा माहितगार

एका गावात एक गेनबा होता. अशा गोष्टीत माणसाला भोळा म्हणायची रीत आहे, म्हणून आपणही भोळाच म्हणू. त्याची बायको गजरा मात्र दुसराच शब्द वापरायची, आणि सगळं गाव तिच्या बाजूनं होतं.

गावाचं नाव कवडदरा. दिवाळी झाली की अर्धा कवडदरा ऊस तोडायला कारखान्यावर जायचा. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून गाडीत चढवते. जोडी नसेल तर मुकादम दारात उभं करत नाही. गजरानं असे नऊ हिवाळे पाचटाच्या खोपीत काढले होते. दहावा काढायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

ठरवायला कारणही घडलं. गावाजवळ एक जुनी बारव होती, काळ्या दगडाचा डोंगर होता आणि डोंगरात वटवाघळांची गुहा होती. एवढ्यावर शाळांच्या सहली यायला लागल्या. मुलांना फिरवून माहिती सांगायला गावचा माणूस हवा, असं ग्रामपंचायतीनं ठरवलं. पण सहली जास्त येतात हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात गावातली शहाणी माणसं उसात असतात. उसातून सोडला तरी चालेल असा कोण? गेनबा. शाळेचे बोराडे गुरुजी म्हणाले, "पोरगा पाठांतराला पक्का आहे. एकदा सांगितलं की विसरत नाही."

हे खरंच होतं. गेनबाच्या डोक्यात गेलेली गोष्ट बाहेर पडत नसे. आत तिला ढकलायला दुसरं काही नव्हतंच.

दिवाळीपर्यंत येतील त्या सहली नीट सांभाळायच्या, मग नेमणुकीचं पत्र मिळेल, असं ठरलं. नवरा गावात राहिला की जोडी फुटली, जोडी फुटली की कोयता गेला, आणि कोयता गेला की गजराला आपल्या चुलीपाशी निजता येणार होतं. तिनं गुरुजींच्या पायावर डोकं ठेवलं आणि नवऱ्याला नवा सदरा शिवला.

गुरुजींनी त्याला तीन दिवस शिकवलं. "हा डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला तापलेला लाव्हा, तो थंड होऊन दगड झाला. बारवेवर पूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे पाणी प्यायचे. सागाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं, वलयं मोजली की झाडाचं वय कळतं. आणि हे बघ गेनबा, मुलांना नुसतं सांगायचं नाही. दाखवायचं. दाखवलं की डोक्यात राहतं."

"दाखवायचं," गेनबा म्हणाला.

पहिली सहल आली. गेनबानं डोंगराची माहिती धडाधड सांगितली. मग सगळे सरपंच सर्जेरावांच्या बांधावर आले. तिथे त्यांच्या आजोबांनी लावलेला साग होता. आभाळाला टेकलेला.

"ह्याचं वय किती असेल, काका?" एका मुलीनं विचारलं.

"खोडात वलयं असतात. मोजायची."

"कुठेत? दिसत नाहीत."

गेनबा घरी गेला, कुऱ्हाड घेऊन आला आणि दाखवलं.

मुलांनी वलयं मोजली. त्र्याऐंशी भरली. एकानं चौऱ्याऐंशी म्हटलं, म्हणून पुन्हा मोजली. तोवर सर्जेराव पोचले. ते काय बोलले ते मुलांच्या गोष्टीत लिहिता येत नाही.

गजरानं सरपंचांच्या घरी जाऊन पदर पसरला. गुरुजींनी मध्यस्थी केली. मग गेनबाला समोर बसवून ते म्हणाले, "अरे गाढवा, जी वस्तू जुनी आहे, जिवंत आहे, तिला हात लावायचा नसतो. लांब उभं राहायचं. मुलांनाही लांब ठेवायचं. लांबून काय ती माहिती द्यायची."

"जुनी, जिवंत. हात लावायचा नाही," गेनबा म्हणाला.

दुसरी सहल बारवेवर आली. तिच्याबरोबर कुलथे सर होते. निवृत्तीला सहा महिने राहिलेले, धोतर नेसणारे, दम्याचे. शेवाळलेल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि ते गळ्याइतक्या पाण्यात गेले. मुलं धावली. गेनबानं दोन्ही हात पसरून वाट अडवली.

"थांबा! कुणी हात लावायचा न्हाई! लांब ऱ्हावा!"

"अहो काका, सर बुडतायत!"

"जुनं हाय. जिवंत हाय. लांबून बघा." मग त्यानं माहिती दिली, "हे अंदाजे सत्तावन्न वर्षांचे असतील. नक्की वय बघायला कापावं लागतं, पन त्ये गुरुजींनी बंद केलंय."

पाण्यातून सरांनी हात वर केला. गेनबानं मुलांना सांगितलं, बघा, अजून हालचाल करतात. शेवटी दोन दांडग्या मुलांनी त्याला बाजूला ढकललं आणि सरांना काठावर ओढलं. सर जगले. पण महिनाभर बारव हा शब्द ऐकला की त्यांना खोकला यायचा.

आता गुरुजींच्याच नावाला बट्टा लागायची वेळ आली होती. कारण हा हिरा त्यांनीच शोधला होता. ते गेनबावर ओरडले, "माणूस अडकला, पडला, तर बघत उभा राहतोस? पाय धरायचे! खेचून बाहेर काढायचं! पालथं घालून पाठीत धपाटे हाणायचे, पोटातलं सगळं बाहेर पडेपर्यंत! विचारत बसायचं नाही!"

"पाय धरायचे. खेचायचं. धपाटे," गेनबा म्हणाला.

गजरा दाराआडून ऐकत होती. हे ज्ञान आता कुणाच्या पाठीत जाणार, एवढाच प्रश्न तिला पडला.

ते तालुक्याच्या विस्तार अधिकाऱ्यांच्या पाठीत गेलं. साहेब सहलींची व्यवस्था पाहायला मुद्दाम आले होते. त्यांचा शेरा चांगला आला तर पत्र नक्की होतं. साहेब गुहेपाशी पोचले. कपारीत वटवाघळं लोंबत होती. वटवाघूळ पक्षी नाही, ते पिलांना दूध पाजतं, हे गेनबानं न चुकता सांगितलं. साहेब खूश झाले. तोंडात पान होतं, म्हणून नुसतीच मान हलवली. पिलं बघायला ते पोटावर आडवे झाले आणि डोकं, खांदे कपारीत घातले. बाहेर उरले फक्त पाय.

गेनबा विचारत बसला नाही. त्यानं पाय धरले. खेचले. साहेबांचा चष्मा आत राहिला, साहेब बाहेर आले. ते काही बोलायच्या आत त्यांना पालथं घातलं आणि पहिला धपाटा हाणला. चौथ्या धपाट्याला साहेबांच्या तोंडातून लाल पिचकारी उडाली.

"निघालं!" गेनबा आनंदानं ओरडला. "थोडं आनखी हाय!"

साहेबांना जीपपर्यंत दोघांनी धरून नेलं. शेरा त्यांनी लिहिलाच नाही, कारण त्यांना बसता येत नव्हतं. कवडदऱ्याचं नशीब म्हणा, साहेबांनी ही गोष्ट स्वतःच दाबली. पानाची पिचकारी मारताना तालुक्याचा अधिकारी कसा दिसला, हे त्यांना कागदावर नको होतं.

गुरुजी आता ओरडलेसुद्धा नाहीत. थकल्या आवाजात म्हणाले, "गेनबा, कुणी वाकून निसर्ग बघत असेल तर त्याला शिवायचं नाही. श्वास रोखायचा. गप्प बसायचं. आपणही बघायचं आणि दिसेल ते वहीत लिहायचं. शास्त्रज्ञ तेच करतात."

"गप्प बसायचं. लिहायचं," गेनबा म्हणाला. गजरानं त्याला वही आणून दिली. तिला वाटलं, वहीनं कुणाचं हाड मोडत नाही.

दिवाळीला आठ दिवस असताना शेवटची सहल आली. चाळीस मुलं. त्यात ऋतुजा नावाची एक चौकस मुलगी होती. तिला झुडपावर रंग बदलणारा सरडा दिसला. ह्या सरड्याचे दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना फिरतात, जीभ अंगापेक्षा लांब असते. ती वाकली. सरडा पुढे सरकला, ती वाकूनच त्याच्या मागे गेली. सरडा ओढ्यात उतरला, तीही उतरली. गेनबा श्वास रोखून मागून चालला. ओढ्यातून दोघं करवंदीच्या जाळीत शिरली. खाली रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. गेनबा गप्प. बस निघून गेली. गेनबानं वहीत लिहिलं: *सरडा हिरवा. मुलगी लाल. बस पांढरी, गेली.*

दिवस कलताना ऋतुजा रडत गजराच्या अंगणात आली. गजरानं तिला भाकरी-पिठलं वाढलं, तेवढ्यात चौदा किलोमीटरवरून बस धापा टाकत परत आली. सहलीबरोबरच्या बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. ऋतुजा मात्र पिठलं चाटत म्हणाली, "बाई, गेनबाकाका इतके छान आहेत! मी एवढा वेळ सरडा बघितला, मला एकदासुद्धा ओरडले नाहीत."

बस गेल्यावर गजराचा बांध फुटला. गुरुजींच्या शिकवणीवर तिचा विश्वास उरला नव्हता. ह्या वेळी शिकवायचं ते आपणच शिकवू, असं तिला वाटलं. शहाण्या माणसालाही कधीतरी असं वाटतं, त्याला इलाज नाही.

"आवं, डोकं हाय का खोकं? गाडी सुटायच्या आधी डोकी मोजायची! जेवढी सांगितली तेवढी गाडीत पायजेत. एक जरी कमी पडलं तर गावात जायचं, दिसंल त्याचं बखोट धरायचं, आन आत टाकायचं! रडू दे, वरडू दे, शिव्या देऊ दे, आयकायचं न्हाई! भरती पुरी झाल्याबिगर गाडी हलता कामा न्हाई! कळलं?"

"कळलं," गेनबा म्हणाला. "रडलं तरी आयकायचं न्हाई."

आणि इथे जगाचा न्याय कसा असतो ते बघा. दिवाळीत शाळांची पत्रं आली. एकूण एक मुलानं लिहिलं होतं, इतकी मजा आम्हाला कुठल्याच सहलीत आली नाही. झाड पडताना पाहिलं, सर पाण्यात पाहिले, गेनबाकाकांनाच ठेवा. चार शाळांनी पुढची तारीख मागितली. एका शाळेच्या मुलांनी तर आमच्याही सरांना त्याच बारवेवर न्या, असं सुचवलं. ग्रामपंचायत बसली. सागाचं दुःख सर्जेरावांनी गिळलं, कारण सहली वाढल्या की गावाचं नाव होणार आणि सरपंचांचा फोटो छापून येणार. पत्र निघालं. गेनबा माहितगार झाला.

गजरा ते पत्र देव्हाऱ्यात ठेवून रडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं हिवाळ्यासाठी अंगण सारवलं. तुळशीला नवी माती घातली. शहाजी मुकादम निरोप घेऊन आला तेव्हा दारातूनच म्हणाली, "यंदा आमचा कोयता न्हाई. आमच्या घरात नोकरी हाय." हे सांगताना तिची मान अशी ताठ झाली होती की मुकादमानं वादच घातला नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर चौथ्या दिवशी नेमणुकीची पहिली सहल यायची होती. सकाळी नऊला. गजरानं नवऱ्याला नवा सदरा घातला, कपाळाला गंध लावलं आणि सांगितलं, "चौकात उभं ऱ्हा. गाडी आली की मी सांगितलंय तसंच करा. दुसरं काय बी डोस्कं चालवू नका."

साडेआठला चौकात गाडी आली. ट्रक होता. हौद्यात बिऱ्हाडं, पेट्या, कोंबड्या, पोरं आणि ऊस तोडायला निघालेलं अर्धं गाव. शहाजी मुकादम कपाळावर हात मारून उभा होता.

"वीस कोयते सांगितले होते," तो ड्रायव्हरला म्हणाला. "एकोणीसच भरलेत. सांगळ्याची बायको बाळंत झाली. आता एक कमी घेऊन कारखान्यावर कुठल्या तोंडानं जाऊ?"

गेनबानं कान टवकारले. गाडी. सांगितलेली भरती. एक कमी.

तो ट्रकवर चढला आणि डोकी मोजली. पोरंबाळं सोडून अडतीस. उतरला. मुकादमाला म्हणाला, "गाडी हलवू नका." आणि पळत सुटला.

गजरा चुलीपुढे बसली होती. नवऱ्याच्या पहिल्या दिवसासाठी शिरा परतत होती. गेनबानं येऊन तिचं बखोट धरलं.

"आवं! आवं, ह्ये काय? शिरा करपंल!"

तो तिला दाराकडे ओढू लागला.

"सोडा! आवं, कुठं नेताय? मेला मुडदा! सोड रं!" लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला अरेतुरे केलं. तिनं उंबऱ्याला पाय लावला, तुळशीवृंदावन धरलं, त्याच्या हाताला चावा घेतला. ती रडली, ओरडली, शिव्या दिल्या. तिन्ही गोष्टी होतील हे गेनबाला आधीच सांगितलेलं होतं, म्हणून त्याला सगळं बरोबर चाललंय असंच वाटलं. चौकापर्यंत आणून त्यानं तिला उचललं आणि हौद्यात टाकलं.

"एकोणचाळीस," तो म्हणाला.

"एकटी बाई घेऊन मी काय करू?" मुकादम म्हणाला. "कोयता जोडीचा असतो."

गेनबानं चौकात इकडेतिकडे पाहिलं. चौकात दुसरं कुणी नव्हतं. मग त्यानं डाव्या हातानं स्वतःचं उजवं बखोट धरलं आणि ट्रकवर चढला. "चाळीस. हाना!"

मुकादमानं जास्त विचारलं नाही. त्याच्या धंद्यात विचारायची पद्धत नाही. फळी लागली, ट्रक हलला. दाटीत गजराला उतरायलासुद्धा वाट नव्हती. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. ती पेटीवर बसून नुसती गावाकडे बघत राहिली.

ट्रक वेशीबाहेर पडला तेव्हा समोरून पांढरी बस आली. खिडक्याखिडक्यांतून मुलं डोकी काढून बघत होती. बस पुढे जाऊन चौकात थांबली. मुलं उतरली, बाई उतरल्या. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

गेनबाला त्यांची फार दया आली. तो बायकोकडे वळून म्हणाला, "बघ गं गजरा, काय बेजबाबदार मानसं! लांबून लेकरं आली, आन माहिती सांगायला एक मानूस जाग्यावर न्हाई."