मगदुमांच्या विहिरीवरचे दोन देव

मगदुमांच्या मळ्यातल्या विहिरीवर शेंदूर फासलेलं एक जुनं डिझेल इंजिन आहे आणि त्याच्या शेजारी हळदीकुंकू लावलेली विजेची मोटार. पाहुणे बुचकळ्यात पडतात, दोघांत देव कोणता? गावातली म्हातारी माणसं हसून सांगतात, हा सगळा घोळ बायाक्काचा.

बायाक्का मगदूम या मळ्याची मालकीण. तिची नागवेलीची बाग, म्हणजे पानमळा, तिचा जीव की प्राण. एका उन्हाळ्यात इंजिन बंद पडलं आणि वेली माना टाकू लागल्या. तिने इंजिनापुढे पदर पसरला. "बाबा, पाणी काढ. तुला पुरणपोळी वाढीन. वाढल्याबिगर मी घास घ्यायची न्हाई."

इंजिन ढिम्म. त्याच आठवड्यात मळ्यापर्यंत वीज आली, दिराने मोटार बसवली आणि पाणी भसाभसा पाटात पडलं.

आता नवस फेडायचा कुणापुढे? बोलली इंजिनाला, पावली मोटार! उपाशीपोटी बायाक्काचं डोकं गरगरू लागलं, असं सांगतात. तिने गुरवाला विचारलं.

"आक्का, इंजिनाच्या पोटात जाळ हाय. त्ये आपलं आपण खाऊन राबतंय," गुरव म्हणाला. "मोटार तारंतनं आल्याल्यावर फिरती. पोट हाय त्यालाच निवद."

दीर भडकला. "राबली ती उपाशी, आन् बसून ऱ्हायलं ते जेवणार व्हय?"

तिला दोघांचंही पटलं, हीच पंचाईत. इकडे आड तिकडे विहीर, तेही विहिरीच्याच काठावर! शेवटी तिने पोळी मोटारीपुढे ठेवली, तोच लाईट गेली. घाबरून तिने ती इंजिनापुढे सरकवली आणि जीव खाऊन हँडल मारलं. काळा धूर ओकत इंजिन सुरू झालं, म्हणे. तेवढ्यात लाईटही परत आली.

दोन्हीकडून पाणी येत होतं. बायाक्का पोळी हातात घेऊन मध्येच उभी. काही सुचेना, तशी ती मटकन खाली बसली आणि पोळी स्वतःच खाऊन टाकली.

नवस मोडला, आता वेली जळणार, म्हणून दिराने डोक्याला हात लावला. पण पानमळा असा फोफावला, की मांडव अपुरा पडला.

तो न्याय होता की नुसती भूक, हे अजून कुणाला उमगलेलं नाही. आजही चैत्रात नैवेद्याचं ताट इंजिन आणि मोटार यांच्या बरोबर मध्ये ठेवतात. पहिला घास मात्र हँडल मारणारी बाईच खाते, आणि तिचं खाऊन होईपर्यंत मोटारीची कळ कुणी दाबत नाही.