आधी बोलणारा घुमट

एका राज्यात एक विद्यापीठ होते आणि त्या विद्यापीठाच्या मधोमध एक दगडी घुमट होता.

विद्यापीठ राजाचे नव्हते, लोकांचे होते. सुगी झाली की प्रत्येक घरातून पायलीभर धान्य तिकडे जायचे. त्या धान्यावर आचार्य जेवायचे आणि लोकांच्या अडचणींची उत्तरे शोधायचे. ज्वारीवरचा काणी रोग कशाने जातो, पुराचे पाणी कुठून वळवावे, बाळंतिणीचा ताप कसा उतरतो, असल्या गोष्टी. त्यांनी शोधलेले कितीतरी लोक रोज वापरत होते आणि ते कुणी शोधले हे विसरूनही गेले होते. विद्यापीठाचे खरे मोठेपण तेवढेच होते, आणि ते काही थोडे नव्हते.

तिथे एक रीत होती. दरवर्षी वसंतपंचमीला कुलगुरू घुमटाखाली उभे राहून वर्षभरात काय साधले ते मोठ्याने सांगत. त्याला उद्घोष म्हणत. घुमट प्रत्येक वाक्य घुमवून परत देई. पटांगणात बसलेले लोक ते ऐकत आणि निर्धास्त घरी जात. घुमटातून आलेले खोटे कसे असेल, असे त्यांना वाटे.

एका वर्षी पांढरखडी गावातून निरोप आला. गावातल्या मुलांचे पाय वाकू लागले होते. संशय गावविहिरीवर होता. सुमेध नावाच्या तरुण आचार्याने ते काम हाती घेतले. त्याने विहिरीचे पाणी आणून आटवले, तळाशी उरलेला पांढरा थर पारखला, त्या पाण्यावर शेळीची करडे वाढवून पाहिली. गावाला त्याने सांगितले, "नक्की कळेपर्यंत ओढ्याचेच पाणी प्या." ओढा लांब होता. तरी लोक जाऊ लागले.

काम अर्ध्यावर असताना वसंतपंचमी आली. त्या वर्षी परदेशांतून पाहुणे येणार होते आणि सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. कुलगुरू मुकुंदाचार्यांनी सुमेधला बोलावले.

"विहिरीचे कुठवर आले?"

"अजून कळलेले नाही, आचार्य. चुन्याची निवळी टाकून बघतोय. गुण येईलसे वाटते."

"वाटते ना? मग येईलच."

"आणि नाही आला तर?"

"अरे, करणारा तूच आहेस. आज सांगू, उद्या करू. दिवस मागेपुढे, एवढेच."

मुकुंदाचार्य खोटारडे नव्हते. पाहुणे दारात आले की घाईघाईने पसारा पलंगाखाली ढकलतो ना आपण, तसेच त्यांनी केले. नंतर आवरू म्हणून.

उद्घोषात ते म्हणाले, "पांढरखडीच्या विहिरीचा दोष दूर झाला."

घुमटाने वाक्य परत दिले. नेहमीपेक्षा जरा उशिरा. मग कुणी न सांगता ते पुन्हा म्हटले.

काही दिवसांनी दिवेलागणीला घुमट आपणहून बोलला. आवाज मुकुंदाचार्यांचा होता. मुकुंदाचार्य त्या वेळी घुमटाशेजारच्या आपल्या घरात जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"डोळ्यांत पडणाऱ्या फुलावर औषध सापडले," घुमट म्हणाला.

असे औषध कुणी शोधतही नव्हते. पण पटांगणातल्या लोकांनी ऐकले, बाजारात सांगितले. सकाळी लोक हार घेऊन दारात उभे. मुकुंदाचार्यांनी नाही म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. आज नाही म्हटले तर लोक विहिरीचेही विचारतील, असे त्यांच्या मनात आले.

तेव्हापासून घुमट वरचेवर बोलू लागला. नवे असे काही नसायचे. आजवरच्या उद्घोषांतलेच शब्द, फक्त वेगळे जोडलेले. सापडले. दूर झाला. सिद्ध झाले. कीर्ती देशोदेशी गेली. लांबलांबून विद्यार्थी आले. आणि जे झालेच आहे ते पुन्हा कशाला करायचे, म्हणून हळूहळू कामे थांबली. औषधी बाग वाळली. तराजूच्या पारड्यांत कोळ्यांनी जाळी विणली. सुमेध पांढरखडीला जायला निघाला तेव्हा त्याला कुणीतरी हसून म्हटले, "अहो, तो दोष दूर झाला ना? आता कशाची निवळी करताय?"

तो परत फिरला. त्या दिवसापासून त्याचा आवाज बसला.

मग एकेकाचा बसत गेला. आचार्य शिकवायला उभे राहत, ओठ हलत आणि शब्द वरून येत. विद्यार्थी माना वर करून शिकत. सगळ्यात वाईट हाल मुकुंदाचार्यांचे. त्यांनी "या, बसा" म्हणायला ओठ उघडावेत तर तोवर वरून "या, बसा" येऊन गेलेले असायचे. एकदा ते नातवाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत होते. नातू रमला होता. पण तो आजोबांच्या तोंडाकडे बघत नव्हता. छताकडे बघत होता.

वर्षे गेली. एका वसंतपंचमीला राजा विद्यापीठाला सुवर्णध्वज देणार होता. सगळ्या जगातले थोर विद्यापीठ म्हणून. पटांगण भरले होते. त्या गर्दीत एक बाई मुलीला कडेवर घेऊन आली. तिचे नाव तुळसा. मुलगी मैना, कडेवर शोभणार नाही एवढी मोठी.

देवडीवर पहारेकऱ्याने अडवले. "काय गं बाई, कुठं निघालीस?"

"कुलगुरूंना विचारायचंय. पोरीचे पाय बघा म्हणावं."

"इथे पाय नाही बघत. इथे शोध लागतात."

"मग हिच्या पायाचाही लागला असंल की. तेच विचारते."

पहारेकऱ्याने हात आडवा धरला. ती त्याच्या हाताखालून आत गेली, ती थेट घुमटाखाली. राजा बसला होता. पाहुणे बसले होते. मुकुंदाचार्य उद्घोषाला उभे होते. तुळसाने मैनाला खाली ठेवले. मैना उभी राहिली, तेव्हा तिचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले. ती आईचा पदर धरून वरच्या अंधाराकडे बघू लागली.

"गुरुजी, मी पांढरखडीची," तुळसा म्हणाली. "लगीन होऊन आले तर सासूबाई म्हणाल्या, घुमटानं सांगितलंय, आता विहीर चांगली झाली. ओढ्यावर कशाला मरायचं? मग मी विहिरीचंच पाणी भरलं. दुखणं तर गेलंय म्हणतात. मग माझ्याच पोरीला कसं झालं? पोटुशी होते तवा गिऱ्हाण लागलेलं असताना काही चिरलं असंल मी. नायतर दूध माझं वाईट असंल. सगळी मलाच विचारतात, काय केलंस म्हणून. रात्र रात्र आठवत बसते. तेवढं सांगा गुरुजी. माझं काय चुकलं?"

मुकुंदाचार्यांनी तोंड उघडले.

"पांढरखडीच्या विहिरीचा दोष दूर झाला," त्यांच्याच आवाजात घुमट म्हणाला.

तुळसाची मान खाली गेली. "म्हंजे माझंच चुकलं," ती हळूच म्हणाली.

मुकुंदाचार्यांनी पुन्हा तोंड उघडले. "दूर झाला," घुमट म्हणाला. आता तो जणू अगदी त्यांच्या कानापाशी होता. राजाने ध्वज हातात घेतला. पाहुणे टाळ्या वाजवण्याच्या बेतात होते. मुकुंदाचार्य गप्प बसले असते तरी सगळे पार पडले असते. त्यांना बोलण्याचीसुद्धा गरज नव्हती, सगळे आधीच बोलून झाले होते.

मैनाने त्यांच्या उपरण्याचे टोक धरले. तोल सावरायला, बाकी काही नाही.

मुकुंदाचार्य खाली बसले. मुलीच्या उंचीला आले. त्यांच्या घशात आवाज नव्हता, नुसती खरखर होती. तिच्यातून त्यांनी एकेक शब्द ओढून काढला.

"बाई, तुझे काही चुकले नाही. चुकलो मी. तो दोष दूर झालाच नव्हता. तो का होतो, ते आम्हाला माहीत नाही."

ते वर बघत थांबले. सगळेच थांबले.

घुमटातून काही आले नाही. आजवरच्या एकाही उद्घोषात 'माहीत नाही' हे शब्द कुणी उच्चारले नव्हते. घुमटापाशी ते नव्हतेच. त्याने काही जोडू पाहिले असावे, कारण वर दगडात जड काहीतरी फिरल्यासारखे वाजले. मग तेही थांबले. 

मागच्या रांगेतून एक घोगरा आवाज आला. "ओढ्याचे पाणी," सुमेध म्हणाला. स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला. "आजपासून सगळ्यांना ओढ्याचे पाणी पाजा. मी येतो तुमच्याबरोबर. अर्धे काम राहिलेय."

राजाने ध्वज गुंडाळून परत नेला. पाहुणे जेवायलाही थांबले नाहीत. लांबून आलेले बरेच विद्यार्थी त्या आठवड्यात निघून गेले. कीर्ती गेली, पण सुगीला पायलीचे धान्य आले. पांढरखडीहूनसुद्धा आले.

मैनाचे पाय सरळ झाले नाहीत. तिच्या पाठचा भाऊ ओढ्याच्या पाण्यावर वाढला, तो सरळ पायांनी धावतो. तुळसा अजून मधूनच त्याचे गुडघे चाचपून बघते. सवयच लागली आहे तिला.

त्या वर्षभरात सुमेधने करडांवरची पारख पुरी केली. पुढच्या वसंतपंचमीला मुकुंदाचार्यांनी एवढेच सांगितले, "पांढरखडीची विहीर वाईट आहे. ओढा चांगला आहे. विहिरीतला दोष कसा काढायचा ते अजून कळलेले नाही. शोधतो आहोत." घुमटाने ते जसेच्या तसे, एकदाच परत दिले.

घुमट अजून आहे. दिवेलागणीनंतर तिथे कुणी एकट्याने जात नाही. जाऊन तुम्ही स्वतःची थोडी स्तुती केलीत तर तो ती परत देतो, असे म्हणतात. तुमच्याच आवाजात, आणि तुम्ही केली होती त्याहून थोडी जास्त.

तात्पर्य: जे अजून साधलेले नाही त्याची कीर्ती आधी सांगू नये, कारण त्या कीर्तीवर विसंबून कुणीतरी आपल्या लेकराला पाणी पाजत असते. ज्याला 'माहीत नाही' म्हणता येते, त्याच्याच विद्येवर विश्वास ठेवावा.