सक्तीची रजा

“पण नियम बरोबर होता की चूक, एवढंच सांगा, माई.”

मठाच्या दारात रंगूमाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“नियम काय, ते तरी सांग.”

उदय नाईकवडी बँकांचा सल्लागार. दुधाने तोंड पोळलेल्या बँका त्याला बोलावत, आणि ताक कसं फुंकायचं ते तो शिकवी. नाव मोठं, फी त्याहून मोठी. आज मात्र बिचारा चपला काढून माईंसमोर उभा होता.

“रोकड हाताळणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून एकदा सक्तीची रजा. आधी न सांगता. रजेत त्याने बँकेत यायचं नाही, बँकेतल्या कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. त्याच्या खुर्चीत दुसरा बसतो. काही लपवलं असेल तर वर येतं.”

“शहाणपणाचा नियम आहे.”

“वसंत गुरव म्हणून रोखपाल होते. पहिली रजा त्यांना लागली. गावात कुजबुज झाली, गुरवाने हात मारला म्हणून... आम्ही सगळं तपासलं. काही नव्हतं, माई. दुसऱ्याच दिवशी मला कळलं होतं, माणूस सोन्यासारखा आहे.”

“मग कळवलंस त्यांना?”

“रजा संपेपर्यंत बोलायचं नाही, असा नियम...”

“हं.”

“रजा संपायच्या आत त्यांनी विहीर जवळ केली.”

माईंचे हात थांबले. 

मग उठून म्हणाल्या, “जेवणाची वेळ झाली. तू बाहेर पायरीवर बस.” आणि दार लावून घेतलं.

आत पंगत बसली. वाढल्याचे, हसल्याचे आवाज येत होते. उशिरा येणारे उदयकडे बघत आत जात, आणि दार पुन्हा लागे.

या मठातून कुणी उपाशी जात नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. उदयला आधी राग आला. मग तो आठवू लागला, आपण काय बोललो, कुणाला नमस्कार करायचा राहिला, कुठे पाय लागला... ऊन चढत गेलं तरी तो पायरीवरून उठला नाही.

दार उघडलं.

“माझं काय चुकलं, माई?”

“काही नाही.”

उदय त्या पायरीवरच लहान मुलासारखा रडला. माईंनी त्याला रडू दिलं.

“गुरवांच्या घरी कोण असतं?”

“बायको. एकटीच.”

“तपासात काही सापडलं नाही, हे तिला ठाऊक आहे?”

“अहवाल गोपनीय असतो, माई. बँकेबाहेर...”



माई खाली वाकल्या. त्याच्या चपला उचलल्या आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.

“अहो माई, हे काय करताय!”

“ऊठ. ती अजून बाहेरच बसलीय रे.”