लिंबाई माळीण आणि सोन्याची बाग

एका राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता, आणि त्याची एक बाग होती. सात डोंगरांची झाडे त्या बागेत, बारा नद्यांकाठच्या वेली त्या बागेत. लिंबाई माळीण ती राखी. वैद्य येत, मुळ्या मागत. लेकुरवाळ्या बाया येत, सावलीत बसत. लिंबाई त्यांना झाडाझाडापाशी नेई, नाव सांगे, गुण सांगे.

राजाला ते रुचेना. "बाग माझी, पाहीन मी एकटा," असे म्हणून त्याने लिंबाईलाही बाहेर काढले आणि दाराला कुलूप घातले.

त्याच दिवशी कृष्णजट नावाचा मांत्रिक दाराशी आला. तापावर द्यायला गुळवेलीचे बोटभर कांडे त्याने मागितले. राजा नाही म्हणाला.

"नुसती पाहायचीच ना तुला? मग पाहा," एवढे बोलून मांत्रिक वळला. त्याच्या तिसऱ्या पावलाला बाग सोन्याची झाली. पाने सोन्याची, फुले माणकांची. गंध गेला, मध गेला, रस गेला.

राजा महिनाभर हरखून होता. मग राज्यात तापाची साथ आली. घरोघर माणसे अंथरुणाला खिळली, महालात राजकन्या शशिलेखाही. वैद्य म्हणाला, "गुळवेल हवी." राजाने कांडे तोडून दिले, पण ते खलबत्त्यात नुसते ठणठण वाजले.

बागेच्या कुंपणाशी बसून लिंबाई डोळे पुसत होती. इतक्यात आतून एक शिंजीर उडत आला. फुलांतला मध पिणारा, आधीच अंगठ्याएवढा पक्षी, तोही उपासाने अर्धा झालेला.

"माळणी, ऊठ," तो बोलला. "बाग पुन्हा हिरवी करायला काळ्या डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी आण, पण भांड्यातून नव्हे. माती आण, ती विकतची नको, चोरीची नको, कोणी आपल्या हाताने दिलेली हवी. तिसरे काम मग सांगेन."

लिंबाई डोंगर चढली. झऱ्यावर पाषाणाचा नाग होता. त्याने विचारले, "किती नेणार?"

"पदरात मावेल तेवढे."

"मग ने."

तिने लुगड्याचा पदर बुडवला, छातीशी धरला आणि उन्हाच्या आधी गाव गाठायचे म्हणून पळत सुटली.

मातीला मात्र वेळ लागला. सात दारांत एकच उत्तर आले, "राजासाठी? चुलीतली राखही देणार नाही." आठवे दार कुंभारणीचे. तिचे पोर मांडीवर तापाने फणफणत होते. ती म्हणाली, "राजाला नाही देत. बागेला देते." आणि चाकाजवळची ओंजळभर माती तिच्या ओटीत घातली.

शिंजीर म्हणाला, "आता तिसरे. ज्याने दार लावले, त्याने अनवाणी दाराबाहेर उभे राहून, आत येऊ का, असे बाग राखणाऱ्या बाईला विचारावे."

नाग परवडला, पण राजाला हे सांगायचे कसे? तरी ती महालात गेली. राजा लेकीच्या उशाशी बसला होता. तिने मान खाली घालून सगळे सांगितले. राजाची मुद्रा कठोर झाली. मग शशिलेखा तापात कण्हली, आणि त्याने पायांतले जोडे काढले.

सारे गाव पाहत होते. राजाने लिंबाईच्या हातात किल्ली दिली. ती दार उघडून आत गेली, उंबरठ्याशी वळली.

"बाई," राजा म्हणाला, "बाग पाहायला आत येऊ का?"

लिंबाईच्या मनात महिनाभराचे बोल साठले होते. पण तिला त्याचे पाय दिसले. मऊ, पांढरे, खड्यांवर अवघडून उभे असलेले.

"या, महाराज," ती म्हणाली. "पायवाट तेवढी सोडू नका. कडेला रोपे आहेत."

गुळवेलीच्या मुळाशी तिने माती घातली, वर पदर पिळला. नऊ थेंब पडले. हिरवा रंग मुळातून वर चढला, वेलीवरून झाडावर, झाडावरून झाडावर गेला. शिंजिराने जास्वंदीत चोच खुपसली. पुढे बोलायला त्याला सवड झाली नाही. वैद्याने कांडी कापली. पहिला काढा कुंभारणीच्या घरी गेला, दुसरा महालात, मग घरोघर. तिसऱ्या दिवशी शशिलेखेने उठून पेज मागितली.

राजाने बागेचे दार कायमचे उघडे ठेवले. राजा राज्य करू लागला, माळीण बाग राखू लागली, आणि दिवस उजाडला की लोक मुलेबाळे घेऊन झाडे पाहायला येऊ लागले. त्यांच्या बागेला बहर आला, तसा ऐकणाऱ्यांच्या दारीही येवो.