एकोणिसावा चौकोन

"रिकामा चौकोन भरला, यात माझं चुकलं कुठे, भंते?"

शर्वरीने हे तिसऱ्यांदा विचारलं.

भंते विनयशील विहाराच्या ओट्यावर बसून रुईचे पुंजके वेचत होते. समोरच्या कापसाच्या जिनातून रुई उडून यायची आणि अंगणभर बसायची. वेचून होईपर्यंत पुन्हा तेवढीच आलेली असायची.

"बस," ते म्हणाले.

ती बसली. लगेच उठली.

शर्वरी चित्रकला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होती. जिनात कामाला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी तिने आणि तिच्या चार सोबत्यांनी रविवारची चित्रशाळा काढली होती. भंतेंनी विहाराची मागची भिंत दिली. एकोणीस मुलं, एकोणीस चौकोन. ज्याचा चौकोन त्याचा, बाकी कुणी हात लावायचा नाही, हा नियम शर्वरीनेच केला होता. उद्या अकराला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे परीक्षक भिंत बघायला येणार होते.

अठरा चौकोन भरले. सांचीचा राहिला.

मागच्या शनिवारी शर्वरीने त्यावर स्वतःच एक नीळकंठ काढला. पंख उघडलेला, देखणा. रविवारी सांची आली, भिंतीसमोर थोडा वेळ उभी राहिली, ब्रश डब्यात ठेवला आणि घरी गेली.

"आज तिच्या घरी गेले होते," शर्वरी म्हणाली. "दाराआडून बघितलं आणि आत पळाली. तिची मावशी म्हणते, 'राहू द्या मॅडम, ते पोरगं असंच आहे.' मॅडम! मला अजून एकविसावं सरायचंय."

"पक्षी छान आहे."

"मग?"

"शेपटीला रुई चिकटलीय."

शर्वरीला हसू आलं नाही.

"चार महिने काय करायची ती?" भंतेंनी विचारलं.

"काही नाही! तेच तर सांगतेय. रंगाला हात लावायची नाही. कपभर पाणी घ्यायची आणि भिंतीवर ब्रश फिरवत बसायची. मी माझे स्वतःचे चांगले रंग दिले तिला..."

"काय काढायची?"

"काय काढणार? पाणी होतं ते."

भंतेंनी तांब्या जवळ ओढला. बोट बुडवलं आणि ओट्याच्या फरशीवर टेकवलं.

शर्वरी येरझाऱ्या घालत होती. मागच्या वर्षी त्यांचं कॉलेज थोडक्यात हुकलं होतं. या वर्षी सगळं तिच्या नावावर होतं. परीक्षक आधी काय बघतात, काय विचारतात, सगळं तिने विचारून ठेवलं होतं. एक कोरा चौकोन राहिला तर तेवढाच बघतील, बाकीचे अठरा कोण बघतंय? आणि तरी ती पोरगी... आठवडा झाला, तिचा ब्रश डब्यात तसाच उभा आहे...

बोलता बोलता तिचं लक्ष खाली गेलं. फरशी कोरडी होत आली होती. कडेला एक ओला ठिपका उरला होता. तोही आक्रसत गेला.

"काय काढलं होतं तुम्ही?"

भंते पुन्हा रुई वेचायला लागले होते.

"परत काढा ना."

"ते झालं काढून."

...

शर्वरी मागच्या भिंतीकडे गेली. मग तिथूनच आवाज आला.

"भंते, चुना आहे का?"

"बादलीत. मागच्या पायरीपाशी."

"पण उद्या परीक्षक येणार आहेत."

"हो."

एक हात मारला, दोन मारले, तरी नीळकंठ खालून दिसतच होता. तिने तिसरा हात मारला. चार सोबत्यांपैकी निधीचा फोन आला; शर्वरीने काय करतेय ते सांगितलं. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आयत्या वेळी भिंतीला भोक पाडतेस?" शर्वरीने फोन ठेवला, चुन्याच्या हातांनीच सांचीच्या दारापर्यंत गेली आणि बाहेरूनच म्हणाली, "सांची, तुझा चौकोन मोकळा केलाय गं."



रविवारी दहाला अठरा मुलं केस विंचरून हजर. शर्वरीने तीनदा मोजली. तिन्ही वेळा अठरा.

साडेदहाला सांची आली. हातात कप. तिने चुना नखाने खरवडून बघितला.

"ताई, खालून निळं दिसते."

"हो गं. जातच नाही ते."

सांचीने विचार केला. "राहू दे."

तिने ब्रश पाण्यात बुडवला. आधी अंबाडा आला. मग कान. मग खांदा. खांदा होईपर्यंत अंबाडा वाळायला लागला, तशी ती पुन्हा वर गेली, अंबाडा ओला केला, पुन्हा खाली आली. जिथे पाणी लागत होतं तिथे चुन्याखालचं निळं किंचित वर येत होतं.

पहिल्या दिवशी भरलेल्या फॉर्मवर आईच्या नावापुढे सांचीने 'नाही' लिहिलं होतं. शर्वरीने तो फॉर्म वाचला होता. वाचून फाईलला लावला होता.

ती सांचीच्या बाजूला जमिनीवर बसली.

"रंगाने का नाही काढत गं?"

"रंगानं काढली तं तिले रातभर इथंच राहा लागन नं, ताई. थंडीचं."

बाहेर गाडी थांबली. निधी धावत आली. "शर्वरी, आले! ऊठ ना!"

शर्वरी उठली नाही. एक हात काढायचा राहिला होता.

खांदा झाला, कोपर झालं, बोटं झाली. अंबाडा गेला. सांचीने या वेळी तो पुन्हा काढला नाही. कपातलं उरलेलं पाणी तिने कडेच्या कुंडीत ओतलं आणि मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

परीक्षक भिंतीशी आले. त्यांनी एकेक चौकोन सावकाश बघितला, मुलांना नावं विचारली, फोटो काढले. शेवटच्या चौकोनापाशी थांबले. चष्मा वर करून त्यांनी चुन्याला हात लावून बघितला. हाताला थोडा गारवा लागला असावा.

"हा एक राहिला वाटतं?"

शर्वरी उभी राहिली. तिने भंतेंकडे बघितलं. ते पायरीवरची रुई वेचत होते.

"राहिला नाही," भंते म्हणाले. "तुम्हाला जरा उशीर झाला."