पहिल्या टेकूचा मान

जहागीरदार मानाजीरावांच्या नव्या घराची कमान बांधून चारच दिवस झाले होते आणि चुना अजून ओला होता. तरी त्यांनी सटवाजी गवंड्याला फर्मावले, "उद्या वास्तुशांत आहे. आजच कमानीखालचे टेकू काढ, नाहीतर गाव सोड."

टेकू काढले असते, तर कमान ते काढणाऱ्या गड्यांवर कोसळली असती. सटवाजीने मनोमन देवाचे नाव घेतले.

"काढतो, सरकार. पण पहिला टेकू घरधन्याने स्वतः कमानीखाली उभे राहून काढायचा, ही आमची रीत आहे. तो मान मी कसा घेऊ?"

मानाजीराव ऐटीत पुढे झाले. टेकूला हात घालताना त्यांनी वर पाहिले आणि हात तिथेच थबकला.

"कमान पक्की व्हायला किती दिवस हवेत रे?"

"महिनाभर तरी, सरकार."

वास्तुशांत पुढे ढकलली गेली. जो भार आपल्या डोक्यावर नको, तो गड्यांच्या डोक्यावर ठेवणारा घरधनी कसला?